निघण्याची रीत शिकवणारा वर्ग : विश्रामबागेतील इंडोनेशियन भाषावर्गाचे परीक्षण

परकीय भाषेच्या वर्गाची पारख पहिल्या पाठावरून करायची ठरवली, तर एकही वर्ग नापास होणार नाही. नमस्कार, आपले नाव काय, मी सांगलीचा आहे, एवढे कोणीही शिकवतो आणि कोणीही शिकतो. खरी परीक्षा बोलणे आवरते घेताना होते. समोरची व्यक्ती वयाने मोठी आहे की बरोबरीची, आपण निघालो आहोत की ती, पुढची भेट उद्या आहे की पुढच्या हंगामात, हे सगळे दोन-तीन शब्दांत बसवावे लागते आणि तेथे पाठांतर फारसे कामाला येत नाही. सांगलीतील विश्रामबागेत शनिवारी आणि रविवारी सायंकाळी चालणाऱ्या इंडोनेशियन संभाषणवर्गाचे हे परीक्षण मी मुख्यतः याच बाजूने केले आहे, कारण या भाषेत निरोपाचे प्रकरण बरेच गुंतागुंतीचे आहे आणि या वर्गाने अभ्यासक्रमाचा मोठा हिस्सा त्यासाठी राखून ठेवला आहे.

सांगलीत इंडोनेशियन शिकायला येते कोण, असा प्रश्न अनेकांनी मला विचारला. माझ्यापुरते उत्तर सोपे आहे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही साखर कारखान्यांच्या गाळप यंत्रांचे सुटे भाग तयार करतो, आणि पूर्व जावा हा इंडोनेशियातील साखरेचा प्रमुख पट्टा आहे. तेथील गाळप साधारण मे महिन्यात, म्हणजे आपल्याकडचे कारखाने थंडावलेले असताना सुरू होते, त्यामुळे दोन्हीकडची कामे एकमेकांच्या आड येत नाहीत. (ऊसवाल्या वाचकांसाठी एक अवांतर माहिती : जावातील पासुरुआन येथे तयार झालेला पीओजे २८७८ हा ऊस आपल्याकडे एके काळी गाजलेल्या को ४१९ या वाणाच्या जन्मदात्यांपैकी एक आहे, तेव्हा ही सोयरीक काही आजची नाही.) माझ्या तुकडीत मार्केट यार्डातील एक सुपारी आणि लवंगेचे व्यापारी होते, बालीला योग शिकवायला जाणारी मिरजेची एक तरुणी होती आणि जहाजावर नोकरी लागलेले दोन मुलगे होते. शिकवणाऱ्या मॅडम यजमानांच्या नोकरीनिमित्त अनेक वर्षे सुराबाया शहरात राहून आलेल्या आहेत. फी सांगलीतील इंग्रजी संभाषणवर्गांपेक्षा थोडी अधिक आणि पुण्यातील जर्मन-जपानी वर्गांपेक्षा बरीच कमी आहे.

आता मुख्य विषयाकडे वळतो. इंडोनेशियन भाषेत निरोपाची दोन मूळ वाक्ये आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. जो निघाला आहे तो मागे राहणाऱ्याला ‘सलामात तिंगाल’ म्हणतो. जो मागे राहतो तो निघणाऱ्याला ‘सलामात जालान’ म्हणतो. ‘तिंगाल’ म्हणजे राहणे आणि ‘जालान’ म्हणजे रस्ता, त्यामुळे एकाला सुखरूप राहा आणि दुसऱ्याला सुखरूप जा, असा हा देवघेवीचा व्यवहार आहे. ‘सलामात’ हा शब्द अरबीतून गेलेला असल्याने तो मराठी माणसाला ओळखीचाच वाटतो. ‘शिर सलामत तर पगडी पचास’ असे फळ्यावर लिहून मॅडमनी हा पाठ सुरू केला आणि शब्द शिकवण्याचे काम तेथेच संपले. उरलेला सगळा वेळ त्यांनी तो कोणी कोणाला म्हणायचा यावर घालवला, आणि हा निर्णय योग्य होता असे माझे मत आहे.

त्यासाठी त्यांनी वापरलेला सराव साधा आहे. वर्गाच्या दाराच्या आत एक विद्यार्थी आणि बाहेर एक विद्यार्थी उभा राहतो. कोण निघाले आहे हे मॅडम ऐन वेळी सांगतात आणि दोघांनी आपापले वाक्य म्हणायचे असते. पहिल्या फेऱ्या सोप्या असतात, मग पेच वाढत जातात. पाहुण्याला सोडायला यजमान फाटकापर्यंत आला आहे, तर निघणारा कोण? तुम्ही रेल्वेत बसला आहात आणि फलाटावरचा माणूसही आता घरी जाणार आहे, तर कोणते वाक्य? दूरध्वनीवर बोलणारे दोघेही आपापल्या घरीच आहेत, मग काय म्हणायचे? सभागृहातून सगळेच एकदम बाहेर पडत आहेत, तेव्हा मागे राहणारे कोणीच नसते, आणि अशा वेळी दोन्ही वाक्ये बाजूला ठेवून ‘साम्पाइ जुम्पा’ म्हणजे भेटेपर्यंत, असे म्हणावे लागते. पुस्तकात हा नियम दोन ओळींत येतो, पण दारात उभे राहून चुकत-माकत तो अंगवळणी पडतो. सुपारीचे व्यापारी तर प्रत्येक वेळी आधी आपल्या पायांकडे आणि मग समोरच्याच्या पायांकडे पाहून वाक्य ठरवायचे, आणि ही युक्ती नंतर सगळ्या तुकडीने उचलली.

या पाठाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे आणि ती मॅडमनी तोंडी सांगितली म्हणूनच आमच्या वाट्याला आली. वर्गाच्या छापील पुस्तिकेत तिचा मागमूसही नाही. रोजच्या व्यवहारात इंडोनेशियन माणूस ‘सलामात तिंगाल’ सहसा म्हणत नाही. त्या शब्दांना कायमचे सोडून जाण्याचा वास येतो. गाव सोडताना, नाते तुटताना, एखाद्या सवयीला रामराम ठोकताना ते शोभतात; कार्यालयातून सायंकाळी घरी निघताना ते म्हटले, तर ऐकणारा दचकेल किंवा हसेल. ‘सलामात जालान’ तुलनेने हलके आहे. गावाच्या वेशीवरील कमानींवर येणाऱ्याच्या बाजूने ‘सलामात दाताङ’ म्हणजे सुस्वागतम् आणि जाणाऱ्याच्या बाजूने ‘सलामात जालान’ असे लिहिलेले असते. तरीही हेच शब्द मृत व्यक्तीला अखेरचा निरोप देताना वापरले जातात, आणि कोणा मान्यवराचे निधन झाले की शोकसंदेशांत ते हमखास दिसतात. म्हणून केवळ कोशातला अर्थ पाहून ही वाक्ये वापरणे धोक्याचे आहे. पुस्तिकेने मात्र पहिल्याच पानावर ‘सलामात तिंगाल’ समोर ‘अच्छा, येतो’ असे छापून टाकले आहे. अभ्यासक्रमाचा कणा ज्या पाठावर उभा आहे, त्याच पाठात अशी ढिलाई असावी, हे मला खटकले.

मग रोज म्हणतात काय? येथे हा वर्ग खऱ्या अर्थाने आपल्या पैशाचे मोल देतो. मॅडमच्या मते निरोप हे एक वाक्य नसून एक लहानसा विधी आहे, आणि तो त्यांनी पायरी-पायरीने करून घेतला. प्रथम निघण्याचे कारण सांगायचे असते : ‘सुदाह मालाम’, म्हणजे रात्र झाली. मग परवानगी मागायची : ‘साया पामित दुलू, बू’. ‘पामित’ म्हणजे निघण्याची रजा घेणे. ‘दुलू’ म्हणजे आधी, म्हणजेच तुम्ही मंडळी आहात, मी जरा आधी निघतो, असा त्यात नम्र सूर आहे. यजमानीण बाईंनी लगेच ‘हो, या’ म्हणायचे नसते. ‘कोक बुरू-बुरू?’ म्हणजे एवढी कसली घाई, असे म्हणून त्या अडवतात, काही खाऊन जा म्हणतात, आणि पाहुण्याने एकदा पुन्हा नम्रपणे आपले कारण पुढे करायचे असते. त्यानंतर आभार, ‘तरीमा कासीह’. मग घरातल्या अनुपस्थित माणसांना नमस्कार सांगायचा : ‘तीतीप सालाम बुआत बापाक’. वयाने लहान असलेल्याने मोठ्यांचा उजवा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावायचा, ज्याला ‘सालीम’ म्हणतात. आणि शेवटी यजमानांकडून ‘हाती-हाती दी जालान’, रस्त्याने जपून जा, हे वाक्य आले की विधी पूर्ण होतो. कोणी लांबच्या प्रवासाला निघाले असेल, तर ‘काबारी कालाऊ सुदाह साम्पाइ’, म्हणजे पोहोचल्यावर कळवा, हेही आलेच. त्यातल्या ‘काबार’मध्ये आपली ‘खबर’ आहे, हे वेगळे सांगायला नको.

मॅडमनी ‘पामित दुलू’ची तुलना आपल्या ‘येतो मी’शी केली. ती मला पुरेशी नेमकी वाटली नाही. ‘येतो’ म्हणताना आपण परत येण्याची हमी देतो आणि अशुभ टाळतो. ‘पामित’ म्हणताना समोरच्याकडून मोकळीक मागितली जाते. कोकणात किंवा आपल्याकडे जुन्या घरांत ‘निघू का मग?’ असे जे विचारतात, ते त्याच्या अधिक जवळचे आहे. पण एवढा वाद घालावासा वाटावा इतका हा पाठ जिवंत झाला होता, ही मी वर्गाच्या जमेचीच बाजू मानतो. नोकरी सोडताना किंवा बदली होऊन जाताना ‘पामित’ घेणारा मनुष्य सहकाऱ्यांकडे आपल्या कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमाही मागतो, आणि अशा निरोपसमारंभाला ‘पर्पिसाहान’ म्हणतात, हेही याच ओघात शिकवले गेले. आमच्यासारख्या यंत्रे बसवून महिना-दोन महिन्यांनी परतणाऱ्या लोकांना या समारंभाला तोंड द्यावेच लागते, तेव्हा क्षमा मागण्याचे ते एक वाक्य तोंडपाठ करून घेतल्याबद्दल मी मॅडमचा ऋणी आहे.

संबोधनांचा सराव याला जोडूनच येतो. ‘पाक’ आणि ‘बू’ हे वडीलधाऱ्या किंवा हुद्द्याने मोठ्या पुरुषासाठी आणि स्त्रीसाठी. जावामध्ये तरुण पुरुषाला ‘मास’ आणि तरुणीला ‘म्बाक’. निरोपाच्या वाक्याच्या शेवटी हे शब्द लावले नाहीत, तर वाक्य व्याकरणाने शुद्ध राहते आणि कानाला उर्मट लागते. ‘मारी’ एवढाच शब्द उच्चारून गटातून बाहेर पडता येते, पण ‘मारी, पाक’ म्हटल्याशिवाय पडू नये, असा मॅडमचा आग्रह होता. जावानीज भाषेतला त्याच अर्थाचा ‘मोंगो’ हा शब्दही त्या अनेकदा वापरत असत, आणि तो जावाबाहेर ऐकू येईलच असे नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. बालीला जाणाऱ्या विद्यार्थिनीची येथे थोडी उपेक्षा झाली, असे मला वाटते. बालीतील हिंदू समाजात सभेचा किंवा भाषणाचा आरंभ ‘ओम स्वस्त्यस्तु’ने होतो आणि शेवट ‘ओम शांति शांति शांति ओम’ने, एवढे तिला सांगण्यात आले, आणि ऐकून सगळा वर्ग सुखावला, पण तेथील घरात, दुकानात, योगवर्गाच्या दारात लोक कसे निघतात, हे तिने विचारले तेव्हा तिला जावाचेच उत्तर मिळाले. मुस्लिम समाजातील ‘अस्सलामु अलैकुम’ भेटताना आणि निघताना दोन्ही वेळा म्हणतात, ही माहिती मात्र नेमकी आणि आवश्यक होती, कारण पूर्व जावातील कारखान्यांत ते दिवसातून अनेकदा कानावर पडते.

उच्चारांच्या बाबतीत मॅडम आणि त्यांची पुस्तिका यांचे फारच बिनसलेले आहे. इंडोनेशियन भाषा रोमन लिपीत लिहितात आणि त्यातल्या ‘ई’ या अक्षराचे दोन उच्चार होतात. एक आपल्या ‘ए’सारखा आणि दुसरा जवळजवळ आपल्या ‘अ’सारखा. हा दुसरा उच्चार मराठी माणसाला फुकटात मिळालेला आहे. इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्याला त्याच्यासाठी धडपड करावी लागते, आपल्याला फक्त ‘अ’ म्हणायचे असते. असे असताना पुस्तिकेत सरसकट ‘सेलामत’, ‘तेरीमा’, ‘केतेमु’ असे छापलेले आहे, आणि मॅडम मात्र ‘सलामात’, ‘तरीमा’, ‘कतमू’ असे म्हणतात. ‘बेसोक’ म्हणजे उद्या, या शब्दात मात्र ‘ए’च आहे, आणि तो तेवढा पुस्तिकेत बरोबर आला आहे, कारण तेथे चुकायला वावच नव्हता. शब्दाच्या शेवटी येणारा ‘क’ पूर्ण उच्चारायचा नसतो. ‘पाक’ म्हणताना आवाज घशात अडवून सोडून द्यायचा असतो. ‘तिंगाल’मध्ये ‘ग’ स्पष्ट ऐकू येतो, तर ‘पुलाङ’ म्हणजे घरी परतणे, या शब्दाच्या शेवटी तो अजिबात येत नाही, केवळ ‘ङ’ उरतो. बाराखडीत पाठ केलेले आणि पुढे आयुष्यात कधी न लागलेले हे अक्षर येथे प्रथमच पगारावर घेतले जाते. हे सगळे मॅडम उत्तम शिकवतात. ज्याची एक तासिका बुडेल त्याच्या हाती मात्र पुस्तिकाच राहते, आणि ती त्याला चुकीच्या वाटेला लावते. देवनागरीत छापण्याचा निर्णय घेतलाच होता, तर देवनागरीची ताकद वापरायला हवी होती.

‘पुलाङ’ शब्दावरून आठवले. ‘जाणे’ या अर्थाचा ‘परगी’ आणि ‘घरी परतणे’ या अर्थाचा ‘पुलाङ’ यांतला भेद निरोपात फार कामाचा ठरतो, कारण सायंकाळी कारखान्यातून बाहेर पडणारा कामगार ‘पुलाङ दुलू, या’ म्हणतो, ‘परगी’ म्हणत नाही. ‘दुलूआन, या’, म्हणजे मी पुढे होतो, हेही तितकेच चालते. ‘साम्पाइ’च्या पुढे हवा तो काळ लावून वाक्ये तयार होतात : ‘साम्पाइ बेसोक’ म्हणजे उद्यापर्यंत, ‘साम्पाइ मिंगू दपान’ म्हणजे पुढच्या आठवड्यापर्यंत, ‘साम्पाइ नांती’ म्हणजे थोड्या वेळाने भेटूच. क्रियापदांना काळ, लिंग, वचन यांची रूपे नसल्याने ही जोडणी एकदा कळली की पुन्हा शिकवावी लागत नाही, आणि वर्गानेही येथे अकारण वेळ काढला नाही. ‘सलामात मालाम’ हे रात्री भेटतानाही म्हणतात आणि झोपायला जाणाऱ्याला ‘सलामात तिदुर’ म्हणतात, एवढा एक खुलासा पुरेसा होता.

तरुणांच्या बोलीकडे वर्गाने साफ पाठ फिरवली आहे, आणि जहाजावर जाणाऱ्या दोघा मुलांची खरी गरज तीच होती. डच भाषेतून आलेला ‘दाह’ किंवा ‘दादाह’ लहान मुले आणि मित्रमंडळी सर्रास वापरतात. जाकार्ताकडे ‘चाबुत दुलू’ असे म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘उपटतो आता’, जे आपल्या ‘सटकतो’च्या जातकुळीतले आहे. ‘हाती-हाती दी जालान’ या वाक्याचे संक्षिप्त रूप तीती डीजे या प्रसिद्ध गायिकेच्या नावाशी जुळते, म्हणून तरुण मंडळी एकमेकांना निरोप देताना चक्क तिचे नाव घेतात. ही गंमत मला इंडोनेशियातील एका ग्राहकाने व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितली. वर्गात ती कळली नाही. सभ्य भाषा आधी शिकवावी, या मॅडमच्या भूमिकेशी मी सहमत आहे, तथापि समोरचा जे बोलतो ते निदान कळले पाहिजे, यासाठी एखादी तासिका देण्यास हरकत नव्हती.

याहून मोठी उणीव लेखी निरोपाची आहे. माझ्यासारख्या व्यावसायिकाचा इंडोनेशियन माणसाशी निम्म्याहून अधिक संबंध पत्रांतून आणि संदेशांतून येतो. औपचारिक पत्राच्या शेवटी ‘आपण दिलेल्या लक्षाबद्दल आणि सहकार्याबद्दल आभार’ अशा अर्थाचे ठरावीक वाक्य येते आणि त्याखाली ‘होर्मात कामी’, म्हणजे आमचा आदर, असे लिहून सही करतात. संदेशांची देवघेव संपवताना ‘बाइक, पाक, तरीमा कासीह’ एवढे लिहिले की पुरते, आणि ते न लिहिता गप्प बसले तर बोलणे अर्धवट सोडल्यासारखे होते. दारातून कसे निघावे यावर एवढे कष्ट घेणाऱ्या वर्गाने पत्रातून कसे निघावे याचा एकही नमुना दिला नाही, याचे मला नवल वाटले. विचारल्यावर मॅडमनी एक मसुदा लिहून दिला आणि तो उत्तम होता. पण तो सगळ्यांना मिळायला हवा.

इतिहासासाठी अर्धी तासिका होती आणि ती तेवढीच असणे योग्य होते. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी तरुणांच्या परिषदेत घेतलेल्या शपथेत मलय भाषेवर आधारलेल्या या भाषेला ऐक्याची भाषा म्हणून स्वीकारले गेले, १९४५ च्या राज्यघटनेने तिला राष्ट्राची भाषा केले, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने तिला आपल्या सर्वसाधारण परिषदेच्या अधिकृत भाषांत दहावे स्थान दिले. यांतला निरोपाशी थेट संबंध असलेला भाग म्हणजे १९७२ ची लेखनसुधारणा. तोपर्यंत ‘जालान’ शब्दाच्या आरंभी ‘डी’ आणि ‘जे’ अशी दोन रोमन अक्षरे लिहीत असत. सुधारणेनंतर एकटे ‘जे’ उरले. मॅडमनी जुन्या छायाचित्रांतील कमानी दाखवून हा फरक समजावला. त्याच सुधारणेमुळे ‘च’साठी केवळ ‘सी’ हे अक्षर वापरतात, ही बाब लक्षात ठेवली नाही तर वर दिलेला ‘चाबुत’ शब्द लिखित रूपात वाचताना हमखास ‘काबुत’ होईल.

जागेविषयी थोडक्यात सांगायचे तर वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे, उद्वाहक नाही, आणि दाराचा सराव जिन्याच्या तोंडाशी होत असल्याने खालच्या शिकवणीची मुले वर येऊन पाहत उभी राहतात. तुकडी लहान असते, ही मोठी सोय आहे. प्रत्येकाची दारात उभे राहण्याची पाळी नक्की येते. ध्वनिमुद्रणे दिली जातात, पण ती वृत्तनिवेदकाच्या थाटात आहेत, आणि ‘साम्पाइ’चा बोलण्यात होणारा ‘साम्पे’ त्यांत एकदाही ऐकू येत नाही. मोबाइलवरील मोफत उपयोजनांशी या वर्गाची तुलना मी मुद्दाम करून पाहिली. शब्दसंग्रह आणि वाक्यरचना यांसाठी ती पुरेशी आहेत, आणि इंडोनेशियाच्या शासनाचा ‘कामुस बसार’ हा बृहत्कोशही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. परंतु उपयोजनात निघणारा कोण आणि राहणारा कोण, हे चित्र पाहून ठरते. यजमानीण बाईंनी अडवल्यावर पाहुण्याने किती वेळा आढेवेढे घ्यायचे, हे तेथे कोणी सांगत नाही.

पूर्व जावात कामासाठी जाणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांना तेथील लोकांच्या घरी उठबस करावी लागणार आहे त्यांनी, हा वर्ग अवश्य लावावा. मलेशियाला जाणाऱ्यांनी तो लावू नये. दोन्ही भाषा सख्ख्या असल्या, तरी मलेशियात ‘परचुमा’ म्हणजे फुकट आणि इंडोनेशियात व्यर्थ, असे खड्डे जागोजागी आहेत आणि मॅडम ते बुजवण्याच्या भानगडीत पडत नाहीत. बालीला जाणाऱ्यांनी नाव नोंदवण्यापूर्वी आपली गरज स्पष्ट सांगावी. आणि प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाने पुस्तिका हाती पडताच पहिल्याच तासिकेला पेन्सिल घेऊन तिच्यातील ‘ए’कार मॅडमच्या तोंडून ऐकत दुरुस्त करून घ्यावेत, कारण पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे आणि तोपर्यंत नवी आवृत्ती छापण्याचा विचार नसल्याचे कार्यालयातून सांगण्यात आले.